कमी खर्चात जुन्या मोटारीला डिस्क ब्रेक बसवताना

जुन्या मोटारीला डिस्क ब्रेक बसवायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष चाकामागच्या चकतीवर (डिस्क) आणि तिला पॅडने दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या कॅलिपरवर खिळते, सगळे पैसे त्यातच संपतात आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग), पाइप व झडपा यांच्यासाठी काही उरत नाही. चकती आणि कॅलिपर बसवणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. गाडी थांबते ती ब्रेक ऑइलच्या दाबाने, त्यामुळे हा दाब नव्या भागांशी जुळला नाही तर महागातला कॅलिपरही मूळच्या ड्रमपेक्षा वाईट काम करतो. खर्चाची आखणी म्हणूनच मास्टर सिलिंडरपासून सुरू करावी.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा, तो म्हणजे गाडीचे ड्रम ब्रेक खरोखर अपुरे आहेत की केवळ दुर्लक्षित आहेत. शूचे (ड्रमला आतून घासणाऱ्या, अस्तर लावलेल्या पट्ट्यांचे) अंतर नीट लावले, शूंना ढकलणारे गळके व्हील सिलिंडर बदलले आणि ड्रम गोल असल्याची खात्री केली, तर शांतपणे चालवल्या जाणाऱ्या गाडीला ते पुरतात आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ड्रम कमी पडतात ते उष्णतेपुढे. १,००० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. वेग १०० असेल तर तोच आकडा ३८५च्या आसपास जातो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, अस्तराची पकड घटते आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडीही होते. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्यांनी जिंकली, तेव्हा हाच फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. घाटात, वेगवान रस्त्यावर किंवा इंजिनची ताकद वाढवलेल्या गाडीत बदल करावासा वाटणे रास्त आहे.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा पहिला निर्णय म्हणजे बदल फक्त पुढच्या चाकांपुरता ठेवणे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. मागचे ड्रम तसेच ठेवले तर हँडब्रेकची मूळची रचनाही हलवावी लागत नाही. मागे डिस्क लावायची म्हणजे हँडब्रेकची सोय असलेला वेगळा कॅलिपर, नवी केबल आणि बरीच जुळवाजुळव आली, आणि त्या मानाने पदरात फार थोडे पडते.

सुटे भाग शोधताना आधी त्याच कंपनीच्या नंतरच्या किंवा वरच्या श्रेणीच्या मॉडेलकडे पाहावे, कारण पुढचे सस्पेन्शन तेच ठेवून पुढे डिस्क दिल्याची उदाहरणे बरीच आढळतात. अशा गाडीचा चाकाचा आस म्हणजे स्टब अ‍ॅक्सल, हब, डिस्क, कॅलिपर आणि तो धरणारा ब्रॅकेट असा पूर्ण संच एकाच ठिकाणाहून घ्यावा. बॉल जॉइंटचा निमुळतेपणा, बेअरिंगची मापे आणि स्टिअरिंग आर्मची लांबी व कोन तुमच्या गाडीशी ताडून पाहावेत. आर्म वेगळा असेल तर खड्ड्यातून जाताना गाडी आपोआप वळू लागते. चाकाच्या बोल्टची मांडणी आणि रिमच्या आतली जागा विकत घेण्याआधीच तपासावी. लहान रिममध्ये कॅलिपर न मावणे ही नेहमीची अडचण आहे आणि त्यापायी चारही चाके बदलावी लागली तर बचत तिथेच संपते. घरी कापलेल्या पत्र्याचा ब्रॅकेट मात्र कधीही वापरू नये, कारण त्या चाकाचा ब्रेकचा सगळा जोर त्या एका तुकड्यावर येतो.

जुना कॅलिपर घेण्यात गैर काही नाही. पिस्टन गंजाने खवलेला नसेल तर नवे सील घालून तो उत्तम चालतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्या मापाच्या खाली गेलेली किंवा जवळ पोचलेली डिस्क घेऊ नये. ब्रेक पॅड, रबरी होज, सील, तांब्याचे वॉशर आणि ब्रेक ऑइल मात्र नवेच असावे, त्यात काटकसर नको.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेतला शू स्वतःच ड्रमकडे ओढला जातो आणि पायाच्या जोरात भर घालतो. डिस्कला ही मदत नसते, म्हणून तिला बराच जास्त दाब लागतो. २५.४ मिलिमीटर व्यासाऐवजी २२.२ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर वापरला तर तेवढ्याच जोरात दाब सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, पण पेडलही त्याच प्रमाणात जास्त खाली जाते. कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने त्यांना तेल जास्त लागते, त्यामुळे व्यास मनाला येईल तेवढा लहान करता येत नाही. यातून सोपी वाट अशी की ज्या गाडीचे कॅलिपर घेतले तिचाच मास्टर सिलिंडर आणि शक्य असल्यास व्हॅक्यूम बूस्टरही (इंजिनच्या निर्वातावर पायाचा जोर वाढवणारा भाग) घ्यावा. बूस्टर नसेल तर पेडलचे तरफेचे प्रमाण साधारण ६ : १, म्हणजे पायाचा जोर सहापट करणारे, असावे लागते. गाडीत जुना एकेरी मास्टर सिलिंडर असेल, तर याच वेळी दुहेरी घालावा, म्हणजे एक पाइप फुटला तरी दोन चाकांचे ब्रेक शिल्लक राहतात. जमेल तिथे पैसे वाचवणाऱ्यालाही मी हा खर्च टाळू देणार नाही.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये अनेकदा सुमारे १० पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड, दाबाचे एकक) दाब धरून ठेवणारी झडप असते. तीच झडप डिस्कच्या मार्गात राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते, म्हणून पुढच्या मार्गातून ती काढावी. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर, फरशीखाली असेल, तर मात्र तेल मागे वाहू नये म्हणून २ पीएसआयची झडप लागते. मागच्या मार्गात दाब कमी करणारी, हाताने लावता येणारी झडप बसवावी; जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाके आधी अडकली तर गाडी गरकन फिरते.

प्रत्यक्ष कामाला हात घालताना गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नये, मजबूत स्टँड लावावेत. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. हबचे बेअरिंग धुऊन, तापमान सोसणारे ग्रीस भरून, मॅन्युअलमधल्या मापाने आवळावे. डिस्क बसवल्यावर डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) तिचा डगमग तपासावा, तो ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. हवा काढण्याचा निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निप्पल खाली येतो आणि कितीही वेळ ब्लीडिंग (तेलातली हवा काढण्याचे काम) केले तरी आतली हवा निघत नाही. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि सस्पेन्शन वर-खाली करून तो कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना, हे पाहावे. पाइपाच्या टोकांचे आकार दोन-तीन प्रकारचे असतात. एका प्रकारचे टोक दुसऱ्या प्रकारच्या जोडात बळजबरीने आवळू नये.

मास्टर सिलिंडर गाडीत चढवण्यापूर्वी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्यावी. पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक ठेवावी. ती नसेल तर तेल टाकीत परतत नाही आणि थोड्या वेळाने ब्रेक आपोआप धरू लागतात. डॉट ३ किंवा डॉट ४ श्रेणीचे ब्रेक ऑइल पुरेसे आहे, पण त्यात सिलिकॉनचे डॉट ५ कधीही मिसळू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोड पाहावा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी बाहेर काढू नये. मग मोकळ्या, सपाट जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी, मागची झडप पुढची चाके आधी अडकतील अशी लावावी आणि ताशी ५० वरून १५ किलोमीटरपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवून पॅड बसू द्यावेत, मध्ये थंड होण्यास वाव ठेवून. पॅड तापलेले असताना पेडल दाबून गाडी उभी करू नये. अशा बदलाला तपासणीची किंवा विम्याची अट असेल, तर ती रस्त्यावर नेण्यापूर्वी पूर्ण करावी, आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासून टाकीतल्या तेलाची पातळी पाहावी.