पानशेतच्या पुराचा स्मरणदिन : 12 जुलैसाठी काय काय तयारी लागेल

12 जुलै जवळ आला की आपल्याकडे पहिली चर्चा बॅनरची सुरू होते, कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, तर यंदा बॅनर सगळ्यात शेवटी घ्या, आधी माणसं शोधा. 1961 साली पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरीच्या आसपास नाहीतर पुढे आहेत, आणि ज्यांनी त्या दिवशी पोरं काखेत मारून घर सोडलं ती पिढी तर जवळपास गेलीच, त्यामुळे हे काम पावसाळ्याआधीच सुरू करायचं. आणि फक्त शनिवार, नारायण, कसबा पेठेत फिरून भागणार नाही, कारण ज्यांची घरं गेली त्यातले कितीतरी परत नदीकाठी राहायला आलेच नाहीत, ते गोखलेनगरला गेले, लोकमान्यनगरला गेले, सहकारनगरला गेले. तिथल्या जुन्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करा, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसा, एक आजी भेटल्या की त्या स्वतःहून अजून चौघींची नावं सांगतात, आमचा तरी हाच अनुभव आहे.

भेटायला जाताना एकानेच जायचं नाही, दोघं जा, एक बोलेल आणि एक रेकॉर्ड करेल. मोबाईल पुरतो पण कॉलरला लावायचा छोटा माईक कुणाकडून तरी आणा, नाहीतर घरात पंखा आणि बाहेर रिक्षा एवढंच ऐकू येतं. रेकॉर्ड करायची आणि कार्यक्रमात लावायची परवानगी आधी विचारा, घरच्यांसमोर विचारा. आणि प्लीज, 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं' हा टीव्हीवाला प्रश्न नको. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर आलं, घरातून निघताना हातात काय घेतलं, रात्र कुठे काढली, चिखल काढायला किती दिवस लागले, प्यायचं पाणी कुठून आणलं, असं विचारा. पाण्याचा प्रश्न तर नक्की विचारा, कारण पानशेतपाठोपाठ शहराला पाणी देणारं खडकवासला धरणही फुटलं आणि एवढा पूर येऊन गेलेल्या शहरात नळ कोरडे पडले, विहिरी आणि हौद परत कामाला आले, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरंच वाटत नाही. कुणाला बोलता बोलता रडू आलं तर मोबाईल बंद करायचा, एवढी अक्कल सगळ्यांना असेलच.

जुने फोटो, पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या हटमध्ये जागा मिळाल्याचं पत्र, चिखलाचे डाग पडलेली पोथी, असलं काही कुणी दाखवलं तर ओरिजिनल घेऊन यायचं नाही म्हणजे नाही. तिथेच खिडकीच्या उजेडात टेबलावर सपाट ठेवून मोबाईलने फोटो काढा, मागे काही लिहिलेलं असेल तर मागचाही काढा, आणि कुणाच्या घरचं आहे ते लगेच लिहून ठेवा. पाठीमागे मोघम 'पूर, पुणे' एवढंच असलेले फोटो आपल्याकडे आधीच ढिगाने आहेत.

आता मुख्य कार्यक्रम. माझं मत विचाराल तर भाषणं कमी आणि चालणं जास्त. पुराच्या पाण्याची उंची गल्लीत दाखवायची, म्हणजे ज्या घरातल्या लोकांनी 'इथपर्यंत होतं' म्हणून हात लावून दाखवलंय तिथे आज रेघ मारायची. माहितीच्या बोर्डापेक्षा पोरांना ती रेघ जास्त समजते, आपल्या डोक्याच्या कितीतरी वर हात करून बघतात आणि गप्प होतात. त्यासाठी निळी रिबीन किंवा खडू, ऑइलपेंट अजिबात नको, आणि सोसायटीच्या चेअरमनची परवानगी तोंडी नको, दोन ओळी लिहून घ्या. जिथे दोन शेजाऱ्यांची उंची जुळत नाही तिथे दोन्ही रेघा मारा, तो वाद सोडवायला आपण बसलेलो नाही. रूट छोटा ठेवा, ओंकारेश्वरापासून सुरू करून नारायण पेठेच्या गल्ल्यांतून लकडी पुलापर्यंत पुरे, वाटेत दोन ठिकाणी खुर्च्या आणि एका ओळखीच्या घरचं टॉयलेट, ज्येष्ठांसाठी हे आधी ठरवा, बाकी सगळं नंतर. खुर्च्या हात असलेल्याच मागवा, स्टूल आणि बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना म्हातारी माणसं पडतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा आधीच सांगून ठेवा.

जुलै आहे, पाऊस असणारच, म्हणून तळमजल्यावरचा हॉल किंवा शाळेचा वर्ग आधीच धरून ठेवायचा. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी खडकवासल्यातून किती विसर्ग सोडलाय ते बघायचं काम एकाच माणसाला द्या, नाहीतर दुसरा बघेल म्हणून कुणीच बघत नाही. पाणी सोडलं की नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो, मग पलीकडच्या लोकांना कुठून यायचं ते ग्रुपवर टाकावं लागतं. नदीपात्रात उतरून दीपदान वगैरे काही नाही, दरवर्षी कुणीतरी हौसेने सुचवतं आणि दरवर्षी नाही म्हणावं लागतं, पणत्या घाटाच्या वर किंवा हॉलमध्ये. वीज हा सगळ्यात नाजूक भाग, ओल्या रस्त्यावरून वायर ओढायची नाही, चार्जिंगचा स्पीकर आणा. 25 जुलै 2024 ला डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाणी शिरलं तेव्हा तीन जण विजेच्या शॉकने गेले, ते सगळ्यांना आठवत असेल.

सायरनचा विषय मागच्या मीटिंगमध्ये निघाला होता, ठरलेल्या वेळेला भोंगा वाजवून सगळ्यांनी उभं राहायचं वगैरे, तर माझा साफ विरोध आहे. पुरानंतर धरण परत फुटल्याची अफवा उठली होती आणि लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या टेकडीकडे पळत सुटले होते, ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्या कानात आपण परत भोंगा वाजवायचा? एक मिनिट शांत उभं राहू, पुरे.

माहितीचे बोर्ड चारच करा, मोठ्या अक्षरात. आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं होतं, काम पूर्ण झालेलं नसताना त्यात पावसाचं पाणी साठलं, गळती दिसल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, बुधवारी 12 तारखेला सकाळी धरण फुटलं, त्याचं पाणी येऊन खाली एकोणिसाव्या शतकातलं दगडी खडकवासलाही फुटलं, एवढा क्रम आला पाहिजे. त्या पोत्यांमुळे शहराला रात्रीऐवजी दिवसा पाणी आलं हे जवानांचं ऋण एका बोर्डवर ठळक लिहा. चौकशीचंही लिहा, न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग अर्धवट राहिला आणि मग न्यायमूर्ती नाईकांचा नेमला, हे लोक पार विसरलेत. मृतांचा आकडा मात्र मोठ्या टायपात टाकू नका, त्याच्यावरून दरवर्षी बोर्डासमोरच भांडणं होतात आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय ते बाजूला उभे राहून ऐकतात.

दुसऱ्या सत्रात जुनं नको, आत्ताचं. सिंहगड रोडजवळच्या एकतानगरीतल्या लोकांना बोलवा, 2024 ला त्यांच्या पार्किंगमध्ये आणि घरांत पाणी शिरलं होतं, आणि टांगेवाला कॉलनीतल्यांना बोलवा, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केलं ते त्यांनीच सांगावं. निळी रेषा आणि लाल रेषा, म्हणजे नदीच्या पूररेषा, दाखवणारा नकाशा टेबलावर पसरून ठेवा, येणाऱ्याने आपलं घर बोटाने शोधायचं. जलसंपदा आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाचा एकेक माणूस समोर बसवा, त्यांनी भाषण नाही करायचं, फक्त उत्तरं द्यायची : पाणी सोडायच्या किती आधी कळवणार, कुणाला कळवणार, रात्री दोनला असेल तर कसं कळवणार. नगरसेवक, आमदार आले तर स्वागत आहे, दोन मिनिटं, हार नाही.

राहिलेलं पटापट : पोलीस स्टेशनचं आणि क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र पंधरा दिवस आधी द्या, आषाढीच्या आधी अधिक महिना आलेल्या वर्षी पालख्या याच सुमाराला शहरात असतात तेव्हा त्याहून आधी. चहा बिनसाखरेचाही ठेवा. फर्स्ट एड, जास्तीच्या छत्र्या, प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीबरोबर एक पोरगा किंवा पोरगी, घरी सोडून येईपर्यंत. वर्गणीचा हिशोब त्याच आठवड्यात ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी सकाळी रिबिनी काढायच्या आणि खडू पुसायचा, आणि ज्यांच्याकडे रेकॉर्डिंग केलंय त्यांच्या नातवंडांना ती फाईल जुलै संपायच्या आत पाठवायची, व्हॉट्सॲपवर नको, तिथे आवाज दबतो, पेनड्राईव्ह नेऊन द्या.