वारंवार एएफ आणि अ‍ॅब्लेशनची लांबची तारीख: मधले महिने कसे काढायचे

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ओपीडीतल्या बोलीत एएफ, हा हृदयाचे ठोके अनियमित करणारा आजार. तो गोळ्यांनी किंवा छातीवर दिलेल्या विजेच्या शॉकने थांबून पुन्हा पुन्हा होऊ लागला की डॉक्टर अ‍ॅब्लेशन सुचवतात, म्हणजे शिरेतून हृदयात बारीक नळी (कॅथेटर) नेऊन बिघाड करणारा भाग निकामी करणं, आणि मग तारखेची वाट पाहणं सुरू होतं. सरकारी किंवा ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यात महिने जाऊ शकतात. हे काम करणारे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे ठोक्यांच्या आजारांचे हृदयतज्ज्ञ, मोजके असतात. एका रुग्णासाठी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी करतात ती खोली, काही तास अडकते. त्याच कॅथलॅबमध्ये हार्ट अटॅकचा रुग्ण आला तर त्याला आधी घेतात आणि तसंच व्हायला हवं. शिवाय हृदयाचा नकाशा काढणारं थ्रीडी मॅपिंगचं यंत्र, भूलतज्ज्ञ आणि सरकारी योजनेची मंजुरी हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं.

अ‍ॅब्लेशनला उशीर झाला तर बहुतेकांना चालतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीला मात्र एका दिवसाचाही उशीर चालत नाही. अ‍ॅब्लेशन धडधडीसाठी असतं, गोळी पक्षाघात टाळण्यासाठी. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, डाव्या कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत रक्त साचतं आणि तिथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफमुळे हा धोका साधारण पाचपट होतो आणि धडधड जाणवत नसली तरीही तो असतो. म्हणून ‘आता महिनाभर बरं वाटतंय, गोळी कशाला’ हा विचार सर्वांत महागात पडतो.

गोळी कोणती, कशी

तुम्हाला ही गोळी लागते का, हे डॉक्टर गुणांवरून ठरवतात. हार्ट फेल्युअर, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ वय यांना प्रत्येकी १ गुण, ७५ किंवा जास्त वयाला २, आधी लकवा झाला असेल तर २. तुमचे गुण किती झाले ते विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. वाट पाहताना वय ६५ पार झालं किंवा मधुमेह निघाला तर गुण बदलतात, ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

अ‍ॅपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात, रिव्हारोक्साबॅन एकदा. रिव्हारोक्साबॅनची २० किंवा १५ मिलिग्रॅमची गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. एकादशीला किंवा नवरात्रात नेमकं इथेच चुकतं. फराळ पोटभर असेल तर त्यासोबत गोळी चालते, नुसत्या चहावर चालत नाही. निर्जळी उपवास मात्र करू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की एएफ सुरू व्हायला निमित्त मिळतं. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही आणि आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्यातही काढून ठेवायची नाही, दमट हवेत ती खराब होते.

गोळी विसरलात तर? दोनदा घ्यायची असेल तर ६ तासांपर्यंत आणि एकदा घ्यायची असेल तर १२ तासांपर्यंत आठवताक्षणी घ्या. त्याहून उशीर झाला तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. दुप्पट कधीही घेऊ नका. घरात किमान १० दिवसांचा साठा असू द्या, दिवाळीत किंवा गावी गेल्यावर दुकान बंद असणं हे गोळी चुकण्याचं नेहमीचं कारण आहे.

लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून बरेच आहेत. झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वर सांगितलेल्या तिन्ही नव्या गोळ्या चालत नाहीत. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम ही जुनी गोळीच हवी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या अभ्यासात संधिवाती झडपांच्या रुग्णांना रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. शेजाऱ्याची ‘रक्त तपासायची कटकट नसलेली’ गोळी ऐकून आपली बदलून घेऊ नका. अ‍ॅसिट्रॉमवर असाल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) बहुतेकांचा २ ते ३ मध्ये हवा, कृत्रिम झडप असेल तर डॉक्टर सांगतील तेवढा. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची गरज नाही, आठवड्यातलं प्रमाण सारखं ठेवा. एरवी न खाणाऱ्याने हिवाळ्यात रोज पालेभाजी सुरू केली की आयएनआर खाली येतो.

दुसरी औषधं यात ढवळाढवळ करतात. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, रक्तस्राव वाढतो. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन असतं. साधी पॅरासिटामॉल घ्या. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असेल तर ठोके आणि रक्तदाब दोन्ही बिघडू शकतात. मेट्रोनिडाझोल आणि फ्लुकोनाझोलने आयएनआर चढतो. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन उलट करतं: वॉरफेरिनचा आणि नव्या गोळ्यांचाही परिणाम खूप कमी होतो. टीबीचं औषध सुरू होणार असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ज्येष्ठमध घातलेला काढा रोज घेतल्याने पोटॅशियम उतरतं, आणि कमी पोटॅशियम एएफला पूरक आहे.

एपिसोड आला की

बसा. धडधड सुरू झाल्याची वेळ लिहा. मनगटावरची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित ठोक्यांत आकडा फसवा येतो. रक्तदाब यंत्राने घेत असाल तर मिनिटामिनिटाच्या अंतराने तीन वेळा घ्या आणि सरासरी लिहा, कारण एएफमध्ये एका रीडिंगवर विसंबता येत नाही. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर पाणी प्या. रोजच्या गोळ्या वेळेवर घ्या. मेटोप्रोलोलसारखी ठोके कमी करणारी जादा गोळी घ्यायची परवानगी असेल तर सांगितली तेवढीच.

पोटाला ताण देणं, थंड पाण्यात तोंड बुडवणं या युक्त्या एसव्हीटी नावाच्या वेगळ्या धडधडीत उपयोगी पडतात, एएफ त्यांनी थांबत नाही. मान दाबण्याचा प्रयोग घरी मुळीच नको.

काही जणांना ‘खिशातली गोळी’ दिलेली असते: फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन, एपिसोड आला की एकदाच घ्यायची. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा हृदय कमजोर असलेल्यांना ती धोक्याची आहे, आणि पहिल्यांदा घेताना हॉस्पिटलात देखरेख लागते. ही सोय तुमच्यासाठी आहे का, हे वाट पाहण्याच्या सुरुवातीलाच विचारा. योग्य रुग्णाच्या कित्येक कॅज्युअल्टी फेऱ्या तिने वाचतात.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागून बोलता न येणं, किंवा शांत बसूनही ठोके १५०च्या आसपास किंवा वर टिकून राहणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं हा लकवा आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलातच जा आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता घेतली ते पोचताच सांगा. पडून डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवायला जा.

यातलं काही नाही, पण धडधड थांबत नाही? तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात इसीजी काढून घ्या. २४ तास उलटण्याआधी डॉक्टरांपर्यंत पोचलात तर शॉकचा निर्णय सोपा असतो. गोळ्या नियमित चालू असतील तर त्याहूनही सोपा.

कागद जपा

एपिसोड चालू असतानाचा १२ लीडचा इसीजी हा यादीत तुमची बाजू मांडणारा सर्वांत भक्कम कागद. तो थर्मल कागदावर निघतो आणि काही महिन्यांत फिका पडतो. लगेच फोटो काढा, झेरॉक्स करा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने कागद काळा होतो. घड्याळाने ३० सेकंदांचा इसीजी काढता येत असेल तर त्याची पीडीएफ जतन करा. नुसती ‘अनियमित ठोके’ अशी सूचना पुरेशी नाही.

वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती तास, ठोके, आणि आधी काय झालं होतं ते लिहा: जागरण, लग्नातलं उशिराचं जड जेवण, ताप, दारू. दिवसातून चौदा वेळा नाडी बघू नका. सकाळ-संध्याकाळ एकदा आणि एपिसोड आला की, एवढं बास. सतत तपासण्याने काळजी वाढते, आणि काळजीने ठोके वाढतात.

वाट पाहण्याच्या काळाचा उपयोग

ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी हे महिने म्हणजे उपचारच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा लेगसी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांमध्ये एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट निघाली. वजन वरखाली करत राहिलेल्यांचा फायदा मात्र घटला. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ८ किलो, सावकाश आणि टिकणारे. रोज अर्धा तास चालणं, चालताना बोलता यावं इतक्याच वेगाने, आणि रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, इथून सुरुवात करा. दारू घेत असाल तर सोडा. २०२०च्या ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत नियमित पिणाऱ्यांपैकी ज्यांना सोडायला सांगितलं, त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांना सहा महिन्यांत एएफ परत आला. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना. दोन कप चहा सोडायची मात्र बहुतेकांना गरज नसते.

घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, दिवसा डुलकी येत असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार न करता अ‍ॅब्लेशन केलं तर एएफ परतण्याची शक्यता जास्त राहते. रक्तदाब १३०/८० च्या आत आणा. थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली नसेल तर मागून घ्या, थायरॉइड ग्रंथीने गरजेपेक्षा जास्त काम करणं हे एएफचं बरं होणारं कारण आहे. अ‍ॅमिओडॅरोन या ठोके नियमित ठेवणाऱ्या गोळीवर ठेवलं असेल तर दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या, आणि उन्हात अंग झाकून.

तारीख पुढे आणणं, आणि न गमावणं

आपलं नाव नेमकं कोणत्या यादीत आहे, साध्या की तातडीच्या, हे विचारा. ज्या कोऑर्डिनेटरकडे वही असते त्यांचा नंबर घ्या आणि महिन्यातून एकदा फोन करा. कुणाची तारीख रद्द झाली तर एका दिवसाच्या सूचनेवर येऊ शकतो, असं सांगून ठेवा. अशा जागा खरंच निघतात.

‘खूप त्रास होतोय’ याने यादी हलत नाही, कारण तसं प्रत्येक जण म्हणतो. हे सांगा: ‘गेल्या महिन्यात चार एपिसोड, दोनदा कॅज्युअल्टीत, विश्रांतीतही ठोके ११०च्या वर.’ पायावर सूज, तीन दिवसांत २ किलो वजन वाढणं, रात्री उशा वाढवाव्या लागणं, चक्कर येऊन पडणं, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी झाल्याचं दिसणं, यातलं काहीही नवीन असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओपीडीत जा आणि डॉक्टरांना फाइलवर तशी नोंद करायला सांगा. ठोके आठवडेच्या आठवडे वेगात राहिले तर हृदय कमजोर होतं, आणि तेव्हा प्राधान्य खरोखर बदलतं. तोपर्यंत मधला मार्ग म्हणून शॉक देता येईल का, हेही विचारा. त्याची यादी बहुधा छोटी असते.

शॉकसाठी आधीचे सलग ३ आठवडे गोळी एकदाही न चुकता लागते, अ‍ॅसिट्रॉमवर असाल तर दर आठवड्याचा आयएनआर २ किंवा वर. गोळ्या चुकल्या असतील तर प्रामाणिकपणे सांगा, मग घशातून इको करून गुठळी नाही ना ते बघतात. लपवलेल्या दोन गोळ्यांमुळे लकवा होऊ शकतो. शॉकनंतरही किमान ४ आठवडे गोळी सुरूच राहते.

पैशांची बाजू आत्ताच उरका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. थ्रीडी मॅपिंग आणि कॅथेटरचा खर्च पॅकेजमध्ये बसतो का, हा नेमका प्रश्न विचारा. आधार आणि रेशनकार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं हे मंजुरी अडकण्याचं ठरलेलं कारण आहे, ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकांकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

तारीख जवळ आली की ताप, दात किंवा त्वचेचा संसर्ग, लघवीची जळजळ लगेच कळवा. यांमुळे टेबलावरून परत पाठवतात. क्रिएटिनीन, पोटॅशियम, हिमोग्लोबिनचे ताजे रिपोर्ट सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅब्लेशन गोळी चालू ठेवूनच करतात, किती वाजता घ्यायची ते हॉस्पिटल सांगेल. नंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड पुन्हा झाली तर ती बऱ्याचदा भरून येणाऱ्या जखमेची असते, त्यावरून अ‍ॅब्लेशन फसलं असं ठरवत नाहीत. गोळी या काळात किमान दोन महिने प्रत्येकाला, आणि वर सांगितलेले गुण २ किंवा जास्त असतील तर ठोके सुधारले तरी पुढेही चालूच ठेवतात.