जुनी केस मिटवायचीय? या चुका टाळा

'वकीलसाहेब, रेकॉर्ड पुसायचा फॉर्म कुठे मिळतो?' हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तसा अर्ज कोर्टात करता येतो, तिथली माहिती वाचून लोक येतात. आपल्याकडे सज्ञान माणसासाठी असा सरसकट अर्ज कायद्यात नाही. इथे केस रीतसर संपवावी लागते आणि ती कशी संपली याचा कागद जन्मभर सांभाळावा लागतो. बहुतेकांचं नुकसान होतं ते मूळ गुन्ह्यापेक्षा घाईने.

'कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा'

या सल्ल्याइतकी तरुण मुलांची हानी दुसऱ्या कशानेच केलेली मी पाहिलेली नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली. दंड शंभर रुपये असो नाहीतर हजार, कागदावर 'आरोपीस दोषी ठरवण्यात येत आहे' हेच येतं.

पोलीस भरतीत निवड झालेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. गावातल्या भांडणातून त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या ३४१, ३२३, ५०४ या कलमांखाली केस झाली होती, म्हणजे रस्ता अडवणं, साधी मारहाण, शिवीगाळ. तारखांना जाऊन रोज बुडत होता. कुणीतरी सांगितलं, कबूल कर आणि सूट. त्याने केलं. दंडाची पावतीसुद्धा ठेवली नाही. पुढे भरतीच्या साक्षांकन नमुन्यात 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का' या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं. चारित्र्य पडताळणीला कागद पोलीस ठाण्यात गेला, तिथल्या नोंदीत सगळं निघालं आणि निवड रद्द झाली.

मी त्याच्या केसची रोजनाम्यासह, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीसह, नक्कल काढली. फिर्यादी त्याच्याच भावकीतला. दोघांचं बोलणं कधीच सुरळीत झालेलं होतं. ही तिन्ही कलमं तडजोडयोग्य, म्हणजे दोन्ही बाजूंना आपसात मिटवता येणारी, होती! फिर्यादीला एका तारखेला कोर्टात आणून तडजोड पुरसीस, म्हणजे मिटवल्याचं लेखी निवेदन, दिली असती, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. आता अपील करावं तर कबुलीवरच्या शिक्षेविरुद्ध फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच भांडता येतं. दोषी ठरवलं ते तसंच राहतं. मुलगा समोर बसून फॉर्मवरची स्वतःची सही परत परत बघत होता.

म्हणून माझ्या टेबलावर कबुलीचा अर्ज आला की मी आधी वय विचारतो, मग पुढे काय करायचंय ते विचारतो. भरती, शिक्षकी, बँक, परदेश, यातलं काहीही डोक्यात असेल तर कबुली नाही. तारखांचा त्रास होत असेल तर हजेरी माफीचा अर्ज द्या. दोन तारखा गेल्यावर 'अजून का मिटत नाही' म्हणून वकील बदलणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं की थांबा, नीट मिटू द्या.

फॉर्ममध्ये लपवणं

अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सविस्तर सांगितलं आहे. खरं लिहिलं तरी उमेदवार योग्य आहे का हे तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतोच. पण किरकोळ, तरुणपणातली बाब असेल तर ती सोडून देण्याची मुभाही त्याला आहे. लपवलं की प्रश्न गुन्ह्याचा उरत नाही, तुमच्या विश्वासार्हतेचा होतो. प्रश्नाचे शब्द नीट वाचा. 'गुन्हा दाखल झाला होता का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्यानेही पहिल्याला 'होय' लिहून पुढे केस क्रमांक, कोर्ट आणि निकालाची तारीख द्यावी.

'सरकारने आंदोलनातले गुन्हे मागे घेतले ना!'

शासन निर्णय निघाला म्हणजे तुमची केस संपली असं नाही. सरकारी वकिलाने त्या कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. बातमी वाचून तारखेला जाणं सोडलेल्यांची वॉरंटं मी पाहिली आहेत.

फिर्यादीने 'मागे घेतो' म्हटलं की झालं, असं समजणं

पोलीस ठाण्यात लिहून दिलेल्या जबाबाने गुन्हा रद्द होत नाही. तडजोडयोग्य कलम असेल तर खालच्याच कोर्टात मिटवा. नसेल, उदाहरणार्थ जुन्या दंड संहितेचं ४९८-अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांकडून विवाहितेचा छळ, तर दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

समरी कोणती ते न विचारणं

पोलिसांनी 'फाइल बंद केली' म्हणजे काय? तपास बंद करताना ते कोर्टाला जो अहवाल देतात, ती समरी. 'ब' समरी म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केल्याचा आदेश हवा. तो नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही.

अठरा वर्षांखालचं प्रकरण आयुष्यभर वागवणं

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ वाचा. त्या वयातल्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरावीक काळाने ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांना अपवाद आहे. खरंच पुसलं जाण्याची सोय आहे ती इथे, आणि नेमकी तीच पालकांना कुणी सांगत नाही.

पासपोर्टसाठी केस संपायची वाट बघत बसणं

खटला चालू असला तरी त्याच कोर्टाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. १९९३ ची अधिसूचना आहे तशी.

निकाल ऐकून घरी जाणं

ही चूक सुटलेले लोकच करतात. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाका. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावरची प्रिंट चालत नाही, कोर्टाचा शिक्का असलेली प्रमाणित प्रतच लागते. माझी सवय अशी, एकदम तीन-चार प्रती मागायच्या. एक घरात, एक वकिलाकडे आणि एक अर्जासोबत पोलीस ठाण्यात, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय नोंद प्रणालीतली नोंद अद्ययावत करण्यासाठी. कारण कोर्टात केस निकाली निघाली तरी ठाण्याच्या संगणकावर ती 'न्यायप्रविष्ट' दिसत राहू शकते, आणि पडताळणी करणारा हवालदार तेच वाचतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. महिन्याभराने चारित्र्य प्रमाणपत्रासाठी स्वतःच अर्ज करून नोंद बदलली का ते बघा. नसेल बदलली, तर त्या आवक क्रमांकासह पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी द्या.