डिझेलची चोरी थांबवायची, तर आधी गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढा

चार-पाच ट्रक असलेल्या मालकाचा सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. फेरीमागे १०-१५ लिटर गेले, तरी हप्ता भरायच्या वेळी ते जाणवतं. पण संशय आला म्हणून लगेच ड्रायव्हरला धारेवर धरू नका. आम्ही ती चूक केली आहे. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून एका जुन्या माणसाला नको ते बोललो आणि तो काम सोडून गेला. पंधरा दिवसांनी मेकॅनिकला रिटर्न पाइपचा, म्हणजे इंजिनात न जळलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीचा, जोड पाझरताना सापडला. माफी मागितली, पण तो परत आला नाही.

म्हणून पहिलं काम मोजायचं. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, फेरी संपली की त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. समजा गाडी ८२० किमी धावली आणि २०५ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज ४. अशा निदान पाच-सहा फेऱ्या पाहा. भरलेली गाडी, रिकामी गाडी, घाटाचा रस्ता आणि सपाट रस्ता यांचे आकडे वेगळे ठेवा. कसारा घाट चढणाऱ्या गाडीला सोलापूर रस्त्याचा आकडा लावणं हा ड्रायव्हरवर अन्याय आहे.

दुसरं, पंपावरचा व्यवहार. चोरी दर वेळी टाकीतूनच होते असं नाही. १८० लिटर भरून २०० चं बिल करायचं आणि मधले पैसे वाटून घ्यायचे, हा जुना प्रकार आहे. रोख देणं बंद करा. डिझेलचे पैसे भरायला तेल कंपन्यांची फ्लीट कार्डं मिळतात, त्यात गाडीनिहाय मर्यादा घालता येते. मापाची शंका आली, तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

मग टाकी. कुलपाचं झाकण आणि तोंडात नळी जाऊ न देणारी जाळी, दोन्ही बसवा. खालच्या ड्रेन बोल्टला आणि पाइपच्या जोडांना क्रमांकाचं सील लावा. रिटर्न पाइप विसरू नका. इंजिन चालू ठेवून तिथून कॅन भरला जातो आणि टाकीतल्या डिझेलची पातळी दाखवणाऱ्या सेन्सरवर ते नुसतं जास्त डिझेल जळाल्यासारखं दिसतं. जीपीएसमध्ये गाडी उभी असताना इंजिन किती तास चालू होतं, ते म्हणूनच बघायचं.

सेन्सर बसवणार असाल, तर रिकाम्या टाकीत २०-२० लिटर ओतत त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा प्रत्यक्ष लिटरशी जुळवणं, स्वतः उभं राहून करून घ्या. घाटात डिझेल हिंदकळतं, उतारावर आकडा चुकतो. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी दिसेल तोच धरा. डिझेल थंडीत आकसतं. ३०० लिटर १५ अंशांनी गार झालं, तर साडेतीन लिटर कमी दिसतात. ती चोरी नव्हे. पण इंजिन बंद असताना पाच मिनिटांत २० लिटर उतरले, तर जागा आणि वेळ टिपून त्याच दिवशी विचारा.

वाचलेल्या डिझेलचे अर्धे पैसे ड्रायव्हरला द्या. मात्र बक्षिसासाठी कुणी उतारावर गाडी न्यूट्रल करू लागला, तर बक्षीस बंद. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर यामुळे माणसं दगावली आहेत. शिवाय आताच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना डिझेलचा पुरवठा तुटतो, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही.

चोरी सिद्ध झाली, तर पुरावा समोर ठेवून हिशेब करा. टोळीच असेल, तर पोलिसांत जा; नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली, तर त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०६ आहे.

आणि खर्ची नीट द्या. हमाली, पार्किंग, वजनकाटा, पंक्चर आणि दोन वेळचं जेवण ठरलेल्या रकमेत बसलं नाही, की ड्रायव्हर ढाब्यामागे २० लिटर विकून ती तूट भरतो. आमच्या वहीत आता या खर्चाचा वेगळा रकाना आहे, आणि पावती नसलेले पैसेही आम्ही त्यात लिहून देतो.