उत्तरेकडच्या पीटभूमीचा आणि जंगलांचा कार्बन: प्रकल्प लिहिताना या चुका टाळा

इंदूरमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आणि कॉलेजात पर्यावरणाचे प्रकल्प करणारी मराठी मुलं अधूनमधून आपलं लिखाण मला वाचायला देतात. कॅनडा, फिनलंड, सायबेरियाकडची पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल, तैगाची म्हणजे थंड उत्तरेकडची सूचिपर्णी जंगलं आणि तापमानवाढीत तिथल्या कार्बनचं काय होणार, हा विषय त्यात वरचेवर येतो. मेहनत दिसते, वाचन दिसतं. चुका मात्र त्याच त्याच होतात आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: नजर झाडाच्या शेंड्याकडे जाते, पायाखालच्या मातीकडे आणि पाण्याकडे जात नाही.

सगळा कार्बन झाडांत आहे असं धरणं

पीटभूमी जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर आहे. तरीही तिच्यात साठलेला कार्बन जगभरातल्या जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून असलेल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. एकट्या उत्तरेकडच्या पीटभूमीत तो अंदाजे ४०० अब्ज टन भरतो. तैगातही कार्बनचा मोठा वाटा खोडांत नसून थंड मातीत असतो.

हे का होतं ते इंदूरकरांना चटकन कळायला हवं. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने इथेच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ढीग वरचेवर पालटून हवा खेळती ठेवायची. साधारण तीन महिन्यांत खत तयार. पीटभूमीत याच्या नेमकं उलट घडतं. पाणी तुंबलेलं असल्यामुळे हवा आत जात नाही, थंडीमुळे जिवाणू मंदावतात आणि स्फॅग्नम नावाचं शेवाळ पाणी आम्ल करून टाकतं. वनस्पती मरतात, पण धड कुजत नाहीत. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढताना एका माणसाचा मृतदेह सापडला. तो सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा होता आणि चेहऱ्यावरची दाढीची खुंटंसुद्धा शाबूत होती. जिथे माणसाचं कातडं टिकतं तिथे शेवाळाचा कार्बन का टिकणार नाही?

साठा मात्र फार हळू वाढतो. वर्षाला फार तर मिलिमीटरभर थर चढतो, म्हणजे एक मीटर पीट व्हायला हजार वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. बहुतेक साठा गेल्या हिमयुगानंतरच्या सुमारे ११,७०० वर्षांतला आहे. म्हणून ‘नष्ट झालेली पीटभूमी काही दशकांत पूर्ववत करता येईल’ हे वाक्य उत्तरात दिसलं तर खोडा. पाणी परत आणता येतं, गळती थांबवता येते, पण गेलेला थर आपल्या हयातीत परत येत नाही.

‘उपाय: वृक्षारोपण’ लिहून मोकळं होणं

आपल्याकडे पर्यावरणाच्या कुठल्याही उत्तराचा शेवट झाडं लावण्यावर होतो. इथे तो उपाय अपाय ठरू शकतो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाची विस्तीर्ण पीटभूमी आहे. १९८० च्या दशकात करसवलतींमुळे तिथे चर खोदून, पाणी काढून सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. पाण्याची पातळी उतरली, हवा आत शिरली आणि हजारो वर्षं जपलेला थर कुजायला लागला. १९८८ मध्ये त्या सवलती बंद झाल्या. पुढे झाडं तोडून आणि चर बुजवून दलदल परत ओली करण्याचं काम हाती घेतलं गेलं. २०२४ मध्ये ती युनेस्कोची जागतिक वारसास्थळ झाली. झाडं तोडणं पर्यावरणाच्या बाजूचं काम असू शकतं, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो. तो वेळ द्या, कारण हा मुद्दा पक्का झाला की निम्मा विषय हाती येतो.

फिनलंडचं उदाहरणही जोडता येईल. तिथल्या जवळपास निम्म्या पीटभूमीत वनीकरणासाठी चर खोदले गेले आणि त्या मातीतून आजही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरात पाणी काढलेल्या पीटभूमीतून होणारं उत्सर्जन माणसाच्या एकूण हरितगृह वायूंच्या ४ ते ५ टक्के धरलं जातं.

मिथेन विसरणं, किंवा फक्त मिथेनच पाहणं

काही जण लिहितात की दलदल कार्बन शोषते, म्हणून ती हवामानाला थंडच करते. काही जण लिहितात की दलदलीतून मिथेन निघतो, म्हणून ती कोरडी केलेली बरी. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत.

तुंबलेल्या पाण्याखाली प्राणवायू नसतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. वर येताना पाण्याच्या पातळीवरच्या हवेशीर थरात दुसरे जिवाणू त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. पण सेज गवतांच्या देठांत पोकळ नळ्या असतात, त्यांतून मिथेन हा थर चुकवून थेट बाहेर येतो. म्हणून मिथेन किती निघेल हे पाण्याची पातळी किती खोल आहे आणि वर काय उगवलं आहे यावर ठरतं. ‘दलदल’ एवढ्या एका शब्दावर आकडा बसवू नका.

कोरडी केल्यावर मिथेन घटतो खरा, तरी चरांमधून तो निघतच राहतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सुपीक पीटमधून नायट्रस ऑक्साइडही निघतो. परत ओली केली की उलट होतं, सुरुवातीला मिथेन उसळतो. तुलना करताना काळ लिहा. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत २० वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० पट आणि १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे २८ पट तापवतो, पण हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो. कार्बन डायऑक्साइड साचत जातो. त्यामुळे लांबचा विचार करता पाणी परत आणणं फायद्याचं ठरतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

‘गरमी वाढली की झाडं फोफावतील, हिशोब जमेचाच राहील’

ही चूक हुशार मुलं करतात, कारण तर्क सरळ दिसतो. वाढीचा हंगाम लांबतो, हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, मग वाढ जास्तच व्हायला हवी. अमेरिकेत उत्तर मिनेसोटातल्या एका दलदलीत हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. ‘स्प्रूस’ नावाच्या त्या प्रयोगात दलदलीवर वरून उघडी मोठी दालनं उभारून २०१५ पासून हवा आणि खोलवरची पीट नेहमीच्या तापमानापेक्षा ० ते ९ अंश सेल्सियसने जास्त तापवली. काही दालनांत जादा कार्बन डायऑक्साइडही सोडला. झुडपं वाढली. पण स्फॅग्नम मात्र सर्वांत गरम दालनांत झपाट्याने मागे हटलं. काही वर्षांतच तापवलेली दलदल कार्बन साठवायची थांबली आणि गमावू लागली, तेही पूर्वीच्या साठवणीच्या वेगाच्या कित्येक पट वेगाने. जितके अंश जास्त, तितकं नुकसान जास्त. जादा कार्बन डायऑक्साइडने ते भरून निघालं नाही.

जंगलाकडेही हेच. ब्रिटिश कोलंबियात कडाक्याची थंडी खोडभुंग्याच्या अळ्या मारायची. हिवाळे सौम्य झाले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून भुंग्याने सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलात पाइनची झाडं उभी मारली. कार्बन शोषणारं जंगल कार्बन सोडणारं झालं. आगीचं तर विचारूच नका. कोरड्या पीटमध्ये ज्वाळा न दिसता धुमसत राहणारी आग बर्फाखाली हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा वर येते. ‘जळालेलं जंगल परत उगवतं, म्हणून हिशोब शून्य’ असं लिहिताना विचारा: जळालं काय? साठ वर्षांचं झाड, की दोन हजार वर्षांची माती?

एकक आणि नावांचे घोळ

कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड एक नव्हे. पहिल्याला ३.६७ ने गुणलं की दुसरा येतो. २०२३ च्या कॅनडातल्या वणव्यांतून सुमारे ६४.७ कोटी टन कार्बन बाहेर पडला. कार्बन डायऑक्साइडमध्ये तो सुमारे २३७ कोटी टन. एका परिच्छेदात एक आणि दुसऱ्यात दुसरा आकडा आला तर परीक्षक गोंधळतो आणि गुण जातात.

नर्सरीत मिळणारं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा पीटभूमीशी संबंध नाही. ‘पीट मॉस’ मात्र खरोखर दलदलीतून खणून काढलेलं असतं. गच्चीवरच्या कुंड्यांना कोकोपीट किंवा घरचं कंपोस्ट पुरेसं आहे.

आलेख उलटा दिसतोय? बेरीज फुगलीये?

दलदलीत किंवा जंगलात उभारलेल्या मनोऱ्यावरची यंत्रं हवा आणि जमीन यांच्यातली कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण मोजतात. ती माहिती डाउनलोड करून प्रकल्प करणाऱ्यांसाठी हे. दुपारी आकडा उणे दिसला तर फाइल खराब नाही. हिशोब हवेच्या बाजूने मांडलेला असतो: उणे म्हणजे हवेतून गेला, जमिनीने घेतला. आधी चिन्ह तपासा, मग एकक. सेकंदाला चौरस मीटरमागे १ मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) हा वेग चोवीस तास टिकला तर चौरस मीटरमागे तो सुमारे १.०४ ग्रॅम कार्बन होतो.

वर्षाची बेरीज केल्यावर निरोगी दलदलीचं शोषण चौरस मीटरला काही दहा ग्रॅम यायला हवं. शेकड्यांत आलं तर बहुधा दिवसाउजेडाचेच तास धरलेत, रात्रीचे सुटलेत. शांत रात्री वारा पडतो, मातीतून निघालेला वायू खालीच रेंगाळतो आणि वरच्या यंत्राला कळत नाही. संशोधक असे तास वगळून रिकाम्या जागा गणिताने भरतात. तुमच्या फाइलमध्ये मूळ आणि भरलेला असे दोन रकाने असतील तर कोणता घेतला ते लिहा.

आणि हिवाळा सोडू नका. कायम गोठलेल्या जमिनीच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत सुमारे १.७ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, तर वाढीच्या हंगामातलं शोषण सुमारे १ अब्ज टन, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. फक्त जून-जुलैची माहिती घेऊन ‘हा प्रदेश कार्बन शोषतो’ असा निष्कर्ष काढला असेल तर तो निष्कर्ष काढून टाका आणि बारा महिन्यांची फाइल पुन्हा उघडा.