जुव्यावर आलेलं छोटं अनुदान कसं सांभाळायचं

आमच्याकडे मालवणच्या बाजूला खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. चारी बाजूंनी पाणी, माडाची बागायत, थोडीफार घरं, आणि बँक, बाजार, दवाखाना, रेशन सगळं पलीकडच्या तीरावर. अशा जुव्यांवरच्या बायकांच्या गटांचे हिशोब मी बरीच वर्षं लिहिते, त्यामुळे वर्षातून चार-पाच तरी फोन येतातच की ताई, आमच्या गटाला पन्नास हजार मंजूर झालेत, आता पुढे काय करायचं. दर वेळी फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते, ज्याला लागेल त्याने वापरावं.

पहिली गोष्ट आधीच सांगते. पैसे कमी पडले म्हणून काम बसलं असं मी फार क्वचित बघितलंय. बसतं ते बहुतेक पैसे भलत्याच महिन्यात आले म्हणून, नाहीतर मालवणच्या बाजारातला हिशोब तसाच्या तसा जुव्याला लावला म्हणून. ह्या दोन गोष्टी सांभाळल्या तर लहान रकमेतसुद्धा गट उभा राहतो, मी राहिलेले बघितलेत.

पैसे हातात यायच्या आधी एकच प्रश्न सगळ्यांसमोर विचारा, हे पैसे परत करायचेत का? कारण बैठकीत सगळ्यांना सगळंच "अनुदान" वाटतं आणि पुढे भांडणं तिथूनच सुरू होतात. उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, फिरता निधी (2023 ला तो 15 हजारांवरून 30 हजार केला) गटाला मिळतो खरा, पण तो वाटून टाकायचा नसतो, गटातल्या गटात कर्ज म्हणून फिरवायचा असतो, एकीने घेतला, व्याजासकट परत केला की दुसरीला. समुदाय गुंतवणूक निधी तर ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांच्या संघाकडून) कर्ज म्हणूनच येतो. खाद्यप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्येमागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, तेही संघामार्फत कर्जाऊच मिळतं. त्याच योजनेत मशीनसाठी 35 टक्के सबसिडी आहे, जास्तीत जास्त 10 लाख, पण ही सबसिडी हातात येत नाही, बँकेत कर्जाच्या खात्याशी बांधलेली राहते आणि तीन वर्षं नीट हप्ते भरले की कर्जातून वळती होते. हे न समजल्यामुळे "आमचे पैसे बँकेने अडवले" म्हणून रडणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि त्यांचा काही दोष नव्हता, कुणी बसून समजावूनच सांगितलं नव्हतं.

मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे म्हणजे उरलेले 40 टक्के तुमचे, आणि बऱ्याचदा आधी खर्च करा मग अनुदान असा प्रकार असतो. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची खेकडेपालन, कालवं, शिणाणे (दोन्ही शिंपल्यातली) वगैरेची जी योजना 2017 पासून आहे त्यात गटाला 90 टक्के मिळतात, दहा टक्के आपले. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात पण ते कुठून येणार हे अर्ज करायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आणि हो, टक्केवारी, अटी बदलत राहतात, म्हणून तालुक्याला जाल तेव्हा ताजा जीआर (शासन निर्णय) मागून घ्या, तोंडी माहितीवर अर्ज भरू नका. परदेशातून कुणी पैसे देतो म्हणालं तर मात्र थांबा. एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय परदेशी पैसा घेताच येत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली मोठी संस्थासुद्धा तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेच्या खात्यावर देऊ शकत नाही. हेतू चांगला असला तरी कायदा कायदाच.

आता बजेट. कागदावर प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने करा, एक दुकानातली किंमत आणि दुसरा "जुव्यावर पोचेपर्यंत". दुसऱ्या रकान्यात टेम्पो, धक्क्यावर उतरवायची हमाली, होडीच्या फेऱ्या, जुव्याच्या बाजूला चिखलातून वर आणायची मजुरी, सगळं. सिमेंट, पत्रे, चिरा असं जड काही असेल तर हा दुसरा आकडा कधीकधी अंगावर येतो, पण अर्जात तो लिहिलेला असला तर देणारा सहसा नाही म्हणत नाही. लिहिलेला नसला तर मागून कोणी देत नाही.

हे मी का इतकं सांगते ते सांगते. एका गटाला मासे सुकवायचा ड्रायर मंजूर झाला. तीन कोटेशनं घेतली, सगळ्यात स्वस्त निवडलं, ठराव केला, ठरावावर माझीही सही आहे. माल धक्क्यावर आला तेव्हा ओहोटी लागलेली, होडी चिखलात टेकलेली, आणि खोका होडीच्या पोटापेक्षा वीतभर रुंद. टेम्पोवाला थांबायला तयार नाही, त्याने तो खोका धक्क्यावर उतरवला आणि गेला. आम्ही सात-आठ जणी त्या खोक्याभोवती उन्हात बसून भरतीची वाट बघतोय, मग दुपारी दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, वर आडव्या फळ्या टाकल्या, आणि चार बाप्ये पाण्यात उतरून धरत धरत मशीन अलीकडे आणलं. एवढं करून जोडायला माणूस आला तो म्हणाला की याला थ्री फेज लागते. जुव्यावर सिंगल फेज, तीही पावसाळ्यात जाते येते. ते मशीन देवळामागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिलं आणि बायका परत बांबूच्या मांडवावर जाळी टाकून सुकट सुकवायला लागल्या.

बेटावर वीज ही धरून चालायची गोष्टच नाही. मुंबईच्या एवढ्या जवळच्या घारापुरीलासुद्धा समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती 2018 साली. त्यामुळे आता कोटेशन मागवायच्या पत्रातच आम्ही लिहितो की "माल जुव्यावर गटाच्या शेडमध्ये पोचवून, सिंगल फेजवर चालवून दाखवून, मग शेवटचे पैसे". होडीची रुंदी टेपने मोजून तीही लिहितो. आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसात येणार हे विचारतो, कारण स्वस्त मशीनचा मेकॅनिक कोल्हापूरला बसत असेल तर ते स्वस्त नाही. शक्य असेल तिथे मी तर सांगीन की वीज न लागणारी वस्तू आधी घ्या, वाळवणासाठी उंच मांडव, झाकायला चांगली जाळी, पॅकिंगला हाताचं सीलर, नीट काटा. दिसायला कमी दिसतं, फोटोत शोभत नाही, पण रोज वापरलं जातं.

हंगामाचं आता नीट बघा, कारण इथेच सगळं अडतं. सरकारी पैसा मार्चअखेर धावत येतो. आपलं काम मात्र पाण्यावर आणि पावसावर चालतं. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. सुकी मासळी पाऊस गेल्यावर ते मे पर्यंत. कोकमं एप्रिल-मे मध्ये आणि पहिल्या पावसाच्या आत हाताळायची. शिणाणे, कालवं लावायची ती पावसाळा सरल्यावर, आणि काढायची पुन्हा पावसाच्या आधी, कारण एकदा पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि ती मरतात. म्हणजे शिणाण्यांचे पैसे मार्चला आले तर त्या वर्षीचा हंगाम गेलाच, आणि मग खर्च दाखवायचा म्हणून दोरी, बांबू घेऊन ठेवायचे जे पावसात कुजतात. हे होऊ नये म्हणून अर्जासोबत बारा महिन्यांचं साधं कॅलेंडर जोडा, कुठल्या महिन्यात काय काम, कुठल्या महिन्यात किती पैसे लागणार, आणि हप्ते त्याप्रमाणे मागा. सप्टेंबरअखेर पहिला हप्ता, जानेवारीत दुसरा, असं. सगळे ऐकतीलच असं नाही, सीएसआरवाले (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून देणारे) थोडे ऐकतात. पण नाही ऐकलं तरी उशिरा आलेल्या पैशाची मुदतवाढ मागताना तेच कॅलेंडर कामाला येतं, तुम्ही आधीच लेखी सांगितलं होतं हे दाखवता येतं.

दुसरं एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हल्ली सगळे म्हणतात की एकाच धंद्यावर राहू नका, जोडधंदा करा, आणि मग मासळी सुकवणारा गट पर्यटकांना होडीतून फिरवायचा प्रस्ताव टाकतो. वाईट काही नाही, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायकांनी कांदळवन सफर किती छान चालवून दाखवली. पण सुकी मासळी आणि पर्यटक दोन्ही जून लागला की बंद. दोन धंदे एकाच महिन्यात बंद पडत असतील तर जून ते ऑगस्ट घरात यायचं ते काही येत नाही. म्हणून अनुदानातला थोडा तरी भाग पावसाळ्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूला ठेवा. मे मध्ये आगळ (कोकमाचा रस), आमसुलं, नाचणीचे पापड, आंबोशी (वाळवलेली कैरी) करून नीट सीलबंद ठेवली तर चवतीला, म्हणजे गणपतीला, मुंबईचे चाकरमानी आले की घरोघर खपतात, आणि तेव्हा भाव पण मे पेक्षा बरा मिळतो. त्यासाठी लागतात ओल न लागणारे डबे आणि मे महिन्यात कच्चा माल घ्यायला रोकड, बस एवढंच. प्रस्तावात "खेळतं भांडवल" असा रकाना लढून घ्या. मशीनला सगळे पैसे देतात, खेळत्या भांडवलाला द्यायला नको असतात, आणि गट अडतो तो तिथेच.

हिशोबाचं. प्रत्येक अनुदानाला वेगळं खातं मिळालं तर उत्तम, नाहीतर कॅशबुकात निदान वेगळी पानं. सह्या दोघींच्या, आणि त्या दोघी एका घरातल्या नकोत. बँक पलीकडे असल्यामुळे "सारखं कोण जाणार" म्हणून कोरे चेक सह्या करून ठेवायची सवय लागते, ती आजच मोडा. त्यापेक्षा सही करणारींपैकी एक तरी अशी निवडा जी बाजाराला आठवड्यातून जातेच, मासे विकायला किंवा मुलाला शाळेत सोडायला.

पावत्या. होडीवाला बिल देत नाही, चिखलातून माल ओढणारा पण देत नाही. त्यासाठी गटाचं छापील व्हाउचर बुक ठेवा, तारीख, कशासाठी, किती फेऱ्या, रक्कम, त्याची सही किंवा अंगठा, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. हे त्याच दिवशी करा, धक्क्यावर उभं राहून करा. महिन्याने आठवून लिहिलेलं व्हाउचर बघणाऱ्याला लगेच कळतं, सगळ्यांची शाई एकच असते. आणि दुकानातली ती गुळगुळीत कागदाची मशीनची बिलं असतात ना, ती आपल्या हवेत काही महिन्यात पांढरीफटक पडतात. माझ्याकडे एका गटाची फाइल आली होती, सात बिलं, सातही कोरी, उन्हात तिरकी धरून आकडे वाचायचा प्रयत्न केला, नाही दिसले. ते पैसे बायकांनी खरे खर्च केले होते पण दाखवायला काही नाही. म्हणून घेतल्या दिवशी झेरॉक्स, मोबाइलवर फोटो, आणि सगळं झाकणाच्या डब्यात, कपाटात नको, कपाटात पण बुरशी येते.

श्रमदानाची वही विसरू नका. आपले दहा टक्के रोख नसतील तर काही ठिकाणी श्रम किंवा जागा, बांबू असं चालतं, पण ते नाव, दिवस, तास असं लिहिलेलं लागतं. मंजुरी देणाऱ्याला आधी विचारून घ्या.

आता एक नाजूक गोष्ट. जुव्यावर सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. श्रावण संपत आला, मासेमारी नुकती सुरू झालेली, घरात पैसा नाही, आणि काकी दारात येऊन म्हणते, "बाय, चवतीक चार हजार दी, दसऱ्याक देतंय." तिची गरज खोटी नसते. ती देणार पण असते. पण अनुदानाच्या खात्यातून एकदा दिलं की दुसरीला नाही म्हणता येत नाही, आणि ऑक्टोबरला जाळी-बांबू घ्यायच्या वेळी खात्यात काही नसतं. यावर आमच्याकडे चाललेला उपाय म्हणजे गटाची स्वतःची बचत पूर्ण वेगळी ठेवायची आणि गणपतीसाठी त्यातून छोटं कर्ज द्यायचं आधीच जूनच्या बैठकीत ठरवायचं, रक्कम किती, परत कधी, सगळ्यांना सारखं. मग कोषाध्यक्षाला कुणालाच तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. दर बैठकीला शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा, अनुदानाची वेगळी, बचतीची वेगळी. देवळात फळ्यावर लिहिलीत तर अजून चांगलं, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

खर्चाचा हेतू बदलायचा असेल तर आधी पत्र, मग खर्च. 2021 च्या मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा वारं काय होतं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. अशा वेळी मांडवासाठी आलेला पैसा होडीच्या दुरुस्तीला घालावासा वाटतो आणि तो घालायला पण पाहिजे. पण आधी गटाचा ठराव, पडझडीचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा असेल तर त्याची प्रत, आणि देणाऱ्याला एक पानाचं पत्र किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी परवानगी. ते "हो" आलं की त्याची प्रिंट फाइलला लावा. न विचारता केलेला चांगला खर्चसुद्धा उपयोगिता प्रमाणपत्रात (पैसे कशाला वापरले त्याच्या दाखल्यात) नामंजूर होतो.

विक्री सुरू झाली की प्रत्येक विक्रीतून थोडे पैसे दुरुस्तीला बाजूला काढा, आम्ही शंभराला दहा काढतो. खाऱ्या हवेत लोखंडाचं काही टिकत नाही, सीलरची तार जाते, काट्याला गंज येतो, आणि नवीन घ्यायला पुन्हा कोणी अनुदान देत नाही. होडीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येकीचा 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत चालू आहे का तेही बघा, अपघाती मृत्यूला 2 लाख आहेत, आणि खात्यात वीस रुपये नसल्यामुळे तो बंद पडतो हे कुणाला माहीतच नसतं.

आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागून खाडी फुगायच्या आत, एक दिवस काढा. पासबुक भरून आणा, कॅशबुक त्याच्याशी जुळवा, अर्धवट व्हाउचरं पूर्ण करा, विम्याच्या जूनच्या हप्त्याचे पैसे खात्यात टाकून ठेवा, शेडमधल्या वस्तू मोजून वहीत लिहा आणि कागदांचा डबा जुव्यावरच्या सगळ्यात उंच जोत्याच्या घरी माळ्यावर ठेवा.