पीआरसी-७७ सहा मीटरवर: फौजी संच कायद्यात राहून कसा चालवावा

पाठीवर हिरवा डबा, वर लांब काडी, खांद्यावर वेटोळ्या वायरीचा हँडसेट. व्हिएतनाम युद्धाच्या कितीतरी फोटोंत असा संच दिसतो. १९६८ साली पीआरसी-७७ हा पाठीवरचा वायरलेस संच अमेरिकी फौजेत आला. त्याच्या आधीच्या पीआरसी-२५ मध्ये एक व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) शिल्लक होता, ७७ मध्ये तोही गेला. अमेरिकेत हॅमच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांच्या, जत्रांमध्ये हे डबे अजून मिळतात आणि दर वर्षी एखादा मराठी मित्र घरी घेऊन येतो. मग फोन येतो, "घेतलाय, पण बोलता येत नाही." हा लेख त्या फोनसाठी. तोही अमेरिकेपुरता, भारताबद्दल शेवटाकडे दोन वाक्यं आहेत, ती वगळू नका.

परवाना आधी. टेक्निशियन या हॅमच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. या परवान्यावर ५० ते ५४ मेगाहर्ट्झचा अख्खा सहा मीटर बँड मिळतो. हॅमचा ट्रान्समीटर 'मंजूर मॉडेल' असावा लागत नाही, त्यामुळे फौजी संच वापरण्यात काही वावगं नाही. संचातून काय बाहेर पडतं याची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमची. दर दहा मिनिटांनी आणि संभाषण संपवताना स्वतःची कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं ओळखनाव, द्यायची. 'टायगर सिक्स' वगैरे हौस तुमची, पण ती कॉलसाइनच्या जागी चालत नाही. सोबत कुणी केवाय-३८ हे आवाज गुप्त करणारं खोकं विकत असेल तर ते शोकेसमध्ये ठेवा. हॅम बँडवर अर्थ लपवणारं बोलणं निषिद्ध आहे.

खरेदीबद्दल एवढंच: ७७ घ्या, पण त्याच टेबलावरचा सिंकगार्स जातीचा (७७ नंतर फौजेत आलेला) नवा संच कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका. तो सरकारी मालमत्तेतून परस्पर उचललेला असू शकतो, मग चौकशी तुमच्या दारात.

वीज: ताज्या अल्कलाइन डी सेलचे दहा नग एकामागे एक, १५ व्होल्ट. चार सेलचा लिथियम पॅक भरलेला असताना पावणेसतरापर्यंत जातो, तो लावू नका. हँडसेटचे संपर्कबिंदू खोडरबराने घासून घ्या.

आता फ्रिक्वेन्सी. हा संच ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झ चालतो, ५०-५० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी, एकूण ९२० चॅनल. त्यातला आपला तुकडा चार मेगाहर्ट्झचा. तुकड्याच्या खाली पोलीस आणि सरकारी खाती, वर टीव्ही. त्यातही ५०.० ते ५०.१ फक्त मोर्ससाठी, तिथे एफएमवर बोलायचं नाही. "५२.५२५ वर हाक मार" असं सांगणाऱ्याने हा संच हातात धरलेला नसतो. ५२.५२५ ही सहा मीटरवर एफएमची देशभरची हाक मारायची फ्रिक्वेन्सी खरी, पण ५० च्या पायऱ्यांनी चढलात तर ५२.५० नंतर थेट ५२.५५ येतं. मधली पायरीच नाही. फौजी संचवाले ५१.०० वर भेटतात, तिथेच जा. रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुढे पाठवणारं केंद्र) विसरा, हा संच एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर बोलत नाही.

एक खोडी लक्षात ठेवा. बँडचा खटका दोन जागी बसतो: ३० ते ५२ आणि ५३ ते ७५. पिशवीत धक्का लागून तो सरकला की ५१.०० चं थेट ७४.०० होतं. अमेरिकेत ७३ ते ७४.६ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तशी न्यू मेक्सिकोत व्हीएलए, आणि ती ७४ च्या आसपासही आकाश ऐकते. दोन वॉटचा डबा फार लांब पोचत नाही, पण ती जागा आपली नाही. मी खटक्यावर चिकटपट्टी लावतो. दिसायला गावठी आहे, असू दे.

इथवर सगळं सोपं. खरी गोची पुढे आहे आणि माझे तीन महिने तिनेच खाल्ले.

माझा मित्र तीन मैलांवर राहतो, त्याच्या गाडीत आधुनिक सहा मीटरचा संच. मी ५१.०० वर हाक मारली. तो म्हणाला, "बादलीत तोंड घालून बोलतोयस का? आणि मागे मिक्सर कोण चालवतंय?" तो बोलला तर माझा डबा गप्प. मी ठरवलं की संच बिघडलाय. स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकण काढलं आणि आतले दोन-तीन स्क्रू 'जरा' फिरवले. बिघाड नव्हताच. तो मी केला. त्यानंतर रिसीव्हर खरोखर बहिरा झाला आणि मोजमापाची उपकरणं असलेल्या एका म्हाताऱ्या हॅमने तो परत जागेवर आणला. झाकण उघडायचं असेल तर फक्त धूळ पुसायला.

कारण साधं होतं. एफएममध्ये आवाजाच्या जोरावर कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) दोन्ही बाजूंना हलतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. हॅमचे आजचे संच साधारण पाच किलोहर्ट्झची हालचाल धरून बांधलेले असतात, ७७ दहाच्या आसपास हलतो. ट्रक बोळात घातल्यासारखं होतं, दोन्ही भिंतींना घासतो, तीच ती बादली. आणि मिक्सर? हा संच बोलताना १५० हर्ट्झचा टोन, म्हणजे खर्जातला एकच सूर, कायम सोडतो. समोरच्या ७७ चा स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना स्पीकर गप्प ठेवणारी सोय) तो टोन ऐकल्यावरच उघडतो, दारावरच्या वॉचमनला परवलीचा शब्द सांगावा तसा. मित्राच्या संचातून हा टोन जातच नव्हता, म्हणून माझा वॉचमन दार उघडत नव्हता. माझा टोन मात्र त्याच्या स्पीकरमध्ये घुंगावत होता.

"सीटीसीएसएस १५१.४ लाव, झालं," असं सर्रास सांगतात. सीटीसीएसएस म्हणजे हॅम संचातली असाच टोन सोडायची सोय. हे अर्धं खरं आहे. हॅम संचाच्या नेहमीच्या यादीत १५० नसतो, सगळ्यात जवळचा १५१.४, आणि ७७ ला तो बऱ्याचदा चालतो. पण हॅम संच टोन हळू आवाजात सोडतो, पाऊण किलोहर्ट्झच्या आत. फौजी टोन तीन किलोहर्ट्झच्या आसपास असतो. परवलीचा शब्द पुटपुटलात तर वॉचमन कधी ऐकतो, कधी नाही. म्हणून पहिल्या दिवशी ७७ चा खटका 'स्क्वेल्च'वर ठेवूच नका. 'ऑन'वर ठेवा आणि खरखर सहन करा. दुवा जुळल्यावर 'स्क्वेल्च' करून बघा.

समोरच्याने तीन गोष्टी करायच्या. एफएम 'वाइड'वर, 'नॅरो'वर अजिबात नाही. टोन फक्त सोडायचा, ऐकताना टोनची अट बंद, नाहीतर १५० आणि १५१.४ मध्ये त्याचाच संच अडेल. आणि घुंगावणं फार वाटलं तर स्पीकरचा खर्ज कमी करायचा. तुमच्या बाजूला एकच: ओरडू नका. हँडसेट तोंडाजवळ धरून घरातल्या आवाजात बोला. ओरडलात की कॅरियर आणखी हलतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या माणसाच्या कानात जाता. कायद्यातला 'गरजेपेक्षा जास्त पट्टा व्यापू नये' हा नियम इथेच लागतो. त्या संध्याकाळी मित्राने 'वाइड' दाबलं आणि म्हणाला, "हां, आता माणूस वाटतोयस."

अँटेना: तीन फुटी पट्टी अंगणापुरती, दहा फुटी काडी टेकडीवर. घरून बोलायचं तर छतावर सुमारे १.४ मीटरची पाव-तरंग (तरंगलांबीच्या पाव उंचीची) ग्राउंड प्लेन अँटेना, सोबत ५० ओहमची केबल.

भारतात सुट्टीला जाताना हा डबा बॅगेत टाकू नका. तिथे आयातीला डब्ल्यूपीसीची (रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी खात्याची) परवानगी लागते आणि इकडून फौजी सामान बाहेर नेण्याचे नियम वेगळे आहेत. अमेरिकी परवाना खिशात आहे म्हणून कस्टम्सवाला सोडणार नाही.

वापर संपला की सेल काढून ठेवा. माझ्या दुसऱ्या संचाच्या बॅटरी डब्यात एका पावसाळ्यात सेल फुटले आणि तळाचा कनेक्टर निळाहिरवा होऊन गेला. बदली कनेक्टर अजून मिळालेला नाही.